मदत हवी आहे: गोळीने मनावर परिणाम होऊ शकतो हे आम्हाला सांगायचं काम कोणाचं होतं?

नमस्कार, जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सतत शिंका आणि नाक बंद, म्हणून डॉक्टरांनी रात्री घ्यायला मॉन्टेलुकास्टची गोळी दिली. नाक खरंच मोकळं झालं. पण दहा-बारा दिवसांनी तो रात्री किंचाळत उठायला लागला, दिवसा धाकट्या बहिणीवर हात उगारायला लागला, एरवी मुंगीवरसुद्धा पाय पडू न देणारा मुलगा आहे हो. आम्ही शाळेत चौकशी केली, मोबाइल काढून घेतला, मी तर त्याला दोनदा चांगलंच झापलं. मग एका रात्री त्याने विचारलं, "आई, मी मेलो तर तू किती दिवस रडशील?"

त्या रात्री मी वाचत बसले. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) या औषधावर मार्च २०२० मध्ये बॉक्स्ड वॉर्निंग, म्हणजे त्यांची सगळ्यात कडक सूचना टाकलीय. वाईट स्वप्नं, चिडचिड, आत्महत्येचे विचार, सगळं त्यात आहे. आणि नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी दुसरी औषधं चालत नसतील तरच हे द्या असंही म्हटलंय. लेबलवर साधी सूचना तर २००९ पासूनच होती!! डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी लगेच गोळी बंद केली, आठवड्याभरात तो शांत झोपायला लागला. गोळीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत, पण माहीत असतं तर पोराला झापलं नसतं, एवढं नक्की.

आमच्या गोळ्यांसोबत माहितीपत्रक नव्हतंच. कंपनीला मेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं, आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा. नेटवर पत्रक मिळालं ते डॉक्टरांच्याच भाषेत. मला विचारायचंय की पेशंटला थेट सांगायची जबाबदारी कंपनीवर आहे की नाही? आणि आता मी नक्की काय करू?

प्रतिसाद:
ताई, आधी हे की त्याला झापल्याचं मनाला लावून घेऊ नका, त्याच्याशी बोला. गोळी बंद केल्यावरही काही जणांना हा त्रास राहिल्याचं नोंदलेलं आहे, त्यामुळे अजून थोडे दिवस लक्ष असू द्या आणि मरणाचं परत बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. (दुसरं कोणी वाचत असेल आणि दम्यासाठी ही गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका.)

जबाबदारीचं म्हणाल तर देशागणिक वेगळं आहे. युरोपात पेशंटला कळेल अशा भाषेतलं पत्रक पाकिटात असावंच लागतं. अमेरिकेत बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट म्हणतं की कंपनीने डॉक्टरला सांगितलं की तिचं काम झालं. मला हे अजिबात पटत नाही, कारण डॉक्टरकडे वेळ कुठे असतो? आणि कंपनी डॉक्टरला तरी सगळं सांगते का? व्हायॉक्स नावाच्या पेनकिलरच्या, कंपनीनेच करवलेल्या ट्रायलवर २००० मध्ये जो लेख छापून आला त्यात तीन हार्ट अटॅक मोजलेलेच नव्हते, औषध मागे घेतलं २००४ मध्ये.

आता तुमचं काम. मेल परत करा, पण विषयात "दुष्परिणामाची तक्रार" असं स्पष्ट लिहा. चार गोष्टी हव्यात: पेशंट कोण (वय आणि मुलगा एवढं पुरतं), कळवणारे कोण, औषध कोणतं, काय झालं. एवढं आलं की बहुतेक देशांत कंपनीला नोंद करावीच लागते आणि प्रकार गंभीर असेल तर १५ दिवसांत औषध नियामकाकडे पाठवावी लागते. गोळीमुळेच झालं हे सिद्ध करायचं काम तुमचं नाही, संशय पुरतो. नियामकाकडे स्वतःही कळवा, कंपनीच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद, वाचताना रडूच आलं. आज रात्रीच दोन्हीकडे पाठवते. फक्त दोन शंका, गोळ्यांचं रिकामं पाकीट टाकून दिलंय त्यामुळे बॅच नंबर नाहीये, चालेल का? आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहू, की डॉक्टरांकडून नीट लिहून घेऊ?