‘तुमच्यासाठी प्रार्थना करते’ म्हणजे उत्तर झालं का?

डिचोलीची बाय
काल एका ओळखीच्यांनी लिहिलं, “किरिस्तांवांना धर्माबद्दल काही विचारा. आधी बायबलची वचनं येतात, मग ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’, शेवटी ब्लॉक.” वाचून राग आला, कारण त्यातलं निम्मं खरं आहे.

मी डिचोलीला मराठी शाळेत शिकलेली कॅथलिक. आमच्या लोकांना ही खोड आहे. समोरचा पोटतिडकीने विचारतो, देव दयाळू तर तान्हं पोर का नेलं? आमचा माणूस एक वचन चिकटवतो आणि मोकळा होतो. पेत्राचं पहिलं पत्र (3:15) म्हणतं की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. उत्तर द्यायचं आहे, एवढंच आम्ही विसरतो. प्रार्थना दार लावून करा, असं येशूनेच सांगितलंय. वादात मुद्दा सुचेनासा झाला की ती समोरच्याच्या तोंडावर फेकायची नसते.

उरलेलं निम्मं, म्हणजे प्रश्न विचारला म्हणून ब्लॉक करतो हे, मात्र खोटं. ‘विहिरीत पाव टाकून बाटवलेले’ हा प्रश्न नव्हे, शिवी आहे. असं लिहिणाऱ्याला मी ब्लॉक करते आणि करणारच.

अंत्रुजकार
बाय, शिवी मी कधीच दिली नाही. सभ्य भाषेत इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या धर्मन्यायासनाबद्दल, विचारलं, तर एका शिकलेल्या गृहस्थांनी ‘जुनं उकरू नका’ म्हणून मलाच झापलं. 1546 साली सायबाने, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरने, पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून ते मागितलं की नाही? 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडली तर चालूच होतं. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला हौसेने आल्या नाहीत. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. विचारायचं नाही?

डिचोलीची बाय
विचारा. पत्र खरं, मागणी खरी आणि ती अन्यायाची होती. हे लिहायला मला जड जात नाही. सायब 1552 मध्ये वारला, ते न्यायासन त्यानंतर बसलं, पण त्यामागे मी लपणार नाही. मात्र त्या न्यायासनापुढे मुख्यतः कोण उभे केले गेले? बाप्तिस्मा घेऊनही जुने रिवाज न सुटलेले लोक. त्याच्या 1736 च्या फर्मानात हिंदू रिवाजाप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायलासुद्धा बंदी होती. ते माझे पूर्वज. तुम्ही जाब मलाच विचारता, जणू मी त्या खुर्चीवर बसले होते.

अंत्रुजकार
भाताचं ठाऊक होतं, पण या बाजूने पाहिलं नव्हतं. तरी ‘जुनं उकरू नका’चा राग आहेच.

वास्कोचा विश्वासी
ताई, सौम्यतेचं फार कौतुक करू नका. मत्तयाचा 23वा अध्याय काढा, प्रभूने परूशांना, त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, ‘सापांनो’ म्हटलंय. सत्य बोचतंच. आणि सायबिणीची, म्हणजे मरीयेची, मूर्ती घरोघर फिरवणाऱ्यांनी दुसऱ्यांना वचन शिकवू नये.

सासष्टीकार
आला मुद्द्यावर! हिंदूंशी वाद राहू दे, आमच्यावर सगळ्यात जास्त तोंडसुख हे बिलिव्हर (मूर्ती न मानणारे, कॅथलिक नसलेले ख्रिस्ती) घेतात. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती. प्रार्थना करतो म्हणून एक गट घरी आला. उशाशी सायबिणीचा फोटो होता. ‘हा काढा, त्याशिवाय बरं वाटणार नाही,’ म्हणाले. आईने स्वतःच्या हाताने फोटो उतरवला. ती गेली ती आपल्याकडून पाप घडलं या धास्तीत. आता सांग, यातलं बोचणारं सत्य कुठलं?

वास्कोचा विश्वासी
ते मी नव्हतो. मी नगरकडचा, मिशन कंपाउंडमध्ये वाढलो. दारूत बुडालो होतो, प्रभूने सोडवलं. त्यानंतर बायकोच्या माहेरच्यांनी, म्हणजे तुमच्याच कॅथलिकांनी, फेस्ताला (चर्चच्या सणाला) आम्हाला बोलावणं बंद केलं. माझ्या मुलीला चुलत भावंडांत बसू दिलं नाही. ते प्रेम होतं?

सासष्टीकार
फेस्ताचं जेवण आणि मरणाऱ्या बाईचा फोटो एका तागडीत घालतोस? लाज वाटू दे.

वास्कोचा विश्वासी
माझ्या मुलीचं रडणं तुम्हाला जेवणाएवढंच वाटतं. इथेच तुमची सौम्यता कळली.

पेडणेकार
भांडा, पण एक सांगतो. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच त्यांचा वृत्तांत छापला आणि त्यात विष्णुबोवांचे आक्षेपही दिले. गर्दीसमोर तोंडावर बोलायचं म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं पुरतं ऐकावंच लागतं. इथे दोघांपैकी एकानेही ऐकलेलं नाही.

अंत्रुजकार
ऐकण्याचं निघालंच आहे म्हणून विचारतो. 2024 च्या ऑक्टोबरात, सायबाचं शव लोकांच्या दर्शनाला ठेवण्याच्या तोंडावर, त्या अवशेषांची डीएनए चाचणी करा असं कोणी म्हटलं तेव्हा तुमच्या लोकांनी मडगावात रस्ता अडवला. पेत्राचं पत्र तेव्हा कुठे होतं?

सासष्टीकार
मी होतो त्या रस्त्यावर. ती मागणी डिवचण्यासाठीच होती, आजही तेच म्हणेन.

डिचोलीची बाय
डिवचण्यासाठी होती, मान्य. पण अडकलेल्या बसमधल्या माणसाने सायबाचं काय वाकडं केलं होतं? त्या दिवशी शांतपणे चार ओळी लिहिणाऱ्या आमच्या माणसांना आमच्याच लोकांनी भित्रे ठरवलं. मला ते जास्त लागलं.

आणि वास्कोकर दादा, तुमच्या मुलीला वेगळं बसवलं ते वाईटच झालं. त्यावर वचन नाही देत.

वास्कोचा विश्वासी
ठीक. आजारी बाईच्या उशाचा फोटो काढायला लावणारे चुकले. एवढंच मान्य करतो. मूर्तीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

सासष्टीकार
बदलू नको. पण ते ‘एवढंच’ माझ्या आईबद्दल आहे, हे लक्षात ठेव. मुलीचं मात्र मला आधी कळायला हवं होतं.

अंत्रुजकार
बाय, 1736 च्या त्या फर्मानात आणखी काय काय होतं, ते मराठीत कुठे वाचायला मिळेल? वाद घालण्यासाठी विचारत नाही.