मदत हवी आहे: नेरुळ-उरण लोकलचं मॉडेल वळणावर अडतंय

नेरुळ-उरण मार्गावरच्या लोकलचं मॉडेल एचओ स्केलमध्ये (1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) करतोय. एका बाजूला खारफुटी, दुसरीकडे बामणडोंगरी स्टेशन. खाडी छान जमलीये, घोडं अडलंय गाडीवर.

खरा डबा सुमारे 21 मीटर लांब, 3.66 मीटर रुंद. म्हणजे मॉडेल 24 सेंमी लांब, 42 मिमी रुंद. फोमबोर्डचे दोन डबे झालेत. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतलं अंतर 1676 मिमी, त्यामुळे मॉडेलमध्ये ते खरं तर 19.3 मिमी हवं, पण तयार मिळतात ते 16.5 चे. तेवढी तडजोड मान्य, रूळ घेऊन झालेत. पूर्ण 12 डबे जवळपास 2.9 मीटर होतील, म्हणून चारच करणार.

18 इंच त्रिज्येच्या वळणावर डब्याचं टोक प्लॅटफॉर्मला घासतं. बोगीचे (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचे) पिव्होट, म्हणजे ती ज्यावर फिरते ते बिंदू, 1 सेंमी बाहेर सरकवले, तर डब्याचं पोट आतल्या सिग्नलला लागलं! प्लॅटफॉर्म सरळ भागात न्यायला जागा नाही. टेबल 5 बाय 4 फूट, त्यामुळे त्रिज्या 22 इंचांपुढे नेता येत नाही.

डबे आखूड करायचे नाहीत, मग ती आपली लोकल वाटणारच नाही. कुणी एवढे लांब डबे 22 इंचांवर चालवलेत का? पिव्होट टोकापासून किती आत ठेवले आणि रुळाच्या मध्यापासून प्लॅटफॉर्मची कड किती मिमी लांब धरली?