मदत हवी आहे: डिप्रेशनमुळे भावाला कशातच गोडी वाटत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. धाकट्या भावाला डिप्रेशन आहे, औषधं चालू आहेत. चवथीला घुमट हे वाद्य घेऊन सगळ्यांच्या आधी बसणारा हा मुलगा, यंदा पोरं बोलवायला आली तर खोलीतूनच म्हणाला, "तुम्ही जा." आईने नेवऱ्या दिल्या. एक खाल्ली, "बरी झालीय" म्हणाला, दुसरीला हात लावला नाही.

डॉक्टर म्हणतात, हा आळस नव्हे. काही चांगलं मिळणार असं दिसलं की मेंदूतला स्ट्रायटम हा भाग सक्रिय होतो, डोपामाइन या मेंदूतल्या रसायनामुळे उठावंसं वाटतं. नैराश्यात बऱ्याच जणांत हा प्रतिसादच मंदावतो. म्हणून इच्छेची वाट न बघता आधी छोटी कृती, गोडी मागाहून. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने अशाच समुपदेशनाची चाचणी घेतली होती. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत गुण दिसला.

फोंडा-पणजी भागात मराठी-कोंकणीतून असं समुपदेशन करणारं कोणी माहीत आहे का? तुम्ही घरी सुरुवात कशापासून केली? टोचून न बोलता त्याला कसं उठवायचं? आणि 'लग्न केलं की सुधारेल' म्हणणाऱ्या आईला काय सांगू? कृपया अनुभव लिहा.