मदत हवी आहे: जुनी मुस्तफावाली व्हिडिओ गेम मशीन मूळ रूपात आणायचीये, स्क्रीनवर फक्त एक आडवी रेघ येतेय

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. आमच्या काकांचं 90 च्या दशकात रामबागेत छोटं व्हिडिओ गेम पार्लर होतं, त्यातली एक उभी मशीन त्यांच्या गोडाऊनमध्ये इतकी वर्षं झाकून पडली होती, ती आता माझ्याकडे आलीये. मला ती जशी पार्लरमध्ये उभी होती तशीच परत करायचीये, म्हणजे तीच पिक्चर ट्यूब, तोच बोर्ड, तीच लाकडी पेटी, त्याच जॉयस्टिक.

मशीन इथेच कुणा मिस्त्रीने बनवलेली आहे, बाहेरची नाही. प्लायची पेटी, वरून लाल सनमायका, आणि जिथे सनमायका उचकटलीये तिथे खाली निळा ऑइलपेंट आणि पिवळ्या अक्षरांचा थोडा भाग दिसतोय. खालचा वीतभर भाग पाण्याने फुगलाय. आत 20 इंची कलर टीव्हीची ट्यूब आणि टीव्हीचंच किट, मध्ये चार-पाच ट्रान्झिस्टरची एक छोटीशी पट्टी, एक पॉवर सप्लाय आणि गेमचा बोर्ड. गेम आपला मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा 1993 चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पॅनेलवर दोन्ही बाजूंना सहा-सहा बटणं आहेत पण चालतात दोनच, बाकीच्यांच्या वायरी एका वेगळ्या प्लगला जाऊन तशाच लोंबकळतायत.

चालू केली तर आवाज येतो, कॉइनचा स्विच हाताने दाबला की क्रेडिट पडल्याचा आवाजपण येतो, पण स्क्रीनवर मधोमध एक पांढरी आडवी रेघ, बाकी सगळं काळं. शिवाय गेम मधूनच आपोआप रिसेट होतो. सप्लायवर मोजले तर 5.05 व्होल्ट येतायत, बोर्डाच्या टोकाशी 4.7.

महाराणी रोडवर आणि जेल रोडवर विचारून आलो, सगळे एकच सांगतायत की ट्यूब काढा, एलसीडी टाका, आत एक छोटा कम्प्युटर बसवा ज्यात हजार गेम येतात. मला हजार गेम नकोयत हो. त्या ट्यूबवर मुस्तफाची पिवळी टोपी जशी चमकायची ती एलसीडीवर नाही चमकत, मी बघितलंय. तर ही रेघ कशी उघडायची, बोर्ड डुप्लिकेट आहे असं एकजण म्हणाला तर खरा कॅपकॉमचा शोधावा का, त्या लोंबकळणाऱ्या वायरी कशाच्या, आणि सनमायकाखालचं जुनं चित्र वाचवता येईल का? ज्याला जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

बडोदेकर टीव्हीवाले

रामबागकर भाऊ, मी बडोद्याला पुष्कळ वर्षं टीव्ही रिपेअरिंग केलं, तुमची ट्यूब शंभर टक्के जिवंत आहे, रेघ येतेय म्हणजे ईएचटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज) आहे, फक्त व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बंद पडलंय. सगळ्यात आधी एक करा, मशीन चालू ठेवू नका. सगळा करंट त्या एका रेघेवर पडतो आणि ट्यूबच्या आतला फॉस्फर तिथे कायमचा जळतो. टेस्टिंगसाठी चालू करायचीच असेल तर एलओटीवरचा (हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा स्क्रू फिरवून रेघ एकदम मंद करून ठेवा.

आता जिवाचं बोलतो. कलर ट्यूबच्या त्या लाल जाड वायरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्ट किंवा जास्तच असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवते. प्लग काढा, चांगल्या प्लास्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या दांड्याला वायर बांधून दुसरं टोक ट्यूबला पाठीमागून वेढलेल्या उघड्या जाळीदार तारेला लावा (किटच्या ग्राउंडला नाही, त्या तारेलाच), दुसरा हात पाठीमागे ठेवा आणि मग टोपीखाली टोक सरकवा. टक्क आवाज येईल. थोडा वेळ थांबून परत करा कारण चार्ज थोडा परत जमतो. आणि टीव्हीचं किट बहुतेक वेळा मेनशी थेट जोडलेलं असतं, त्यामुळे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किटला मेनपासून वेगळं ठेवणारा) आहे का ते बघा, नसेल तर आधी तो आणा, बाकी कामं नंतर.

रेघेचं कारण दहातल्या आठ वेळा ड्राय सोल्डर निघतं. योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचा) प्लग किटवर जिथे बसतो तिथल्या पिना आणि व्हर्टिकल आयसीचे पाय भिंगाखाली बघा, पायाभोवती बारीक गोल भेग दिसेल. जुनं सोल्डर काढून नवीन भरा. तरी रेघच असेल तर योकची व्हर्टिकल कॉइल मीटरवर बघा, थोडे ओहम दाखवले तर ठीक, काहीच नाही दाखवलं तर कॉइल तुटलीय. मग आयसीला सप्लाय देणारा रेझिस्टर, मग आयसी. आणि उघडलंच आहे तर त्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळेच बदला, 105 डिग्रीवाले घ्या, 85 वाले घेऊ नका, आत ट्यूबच्या मागे गरम फार होतं.

ट्रान्झिस्टरच्या त्या छोट्या पट्टीला हात लावू नका. बोर्डातून लाल-हिरवा-निळा वेगळा आणि सिंक (चित्र जागेवर ठेवणारा इशारा) वेगळा असा सिग्नल निघतो, तो टीव्हीच्या किटला मानवेल असा करायचं काम ती पट्टी करते, ज्याने बसवली तो जाणकार होता. आडवी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती रेघा) आपल्या पाल टीव्हीची 15,625 हर्ट्झ आणि गेमची त्याच्या अगदी जवळ, म्हणून तर टीव्हीची ट्यूब चालून गेली. फरक उभ्या फ्रिक्वेन्सीत (सेकंदाला किती चित्रं) आहे, टीव्ही 50 ला, गेम 60 च्या आसपास, म्हणून चित्र उघडल्यावर फिरायला लागलं तर घाबरू नका, किटवरचं व्ही-होल्ड (चित्र थांबवायचं) आणि हाइट (उंचीचं) सेट करा.

रिसेटचं तर तुम्हीच मोजून ठेवलंय. सप्लाय चांगला आहे, पण मधल्या बारीक आणि गंजलेल्या वायरीत व्होल्टेज पडतंय. 5 व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या वायरी जाड टाका, कनेक्टर साफ करा. लगेच सप्लायचा स्क्रू फिरवून वाढवत बसू नका.

जामा_५६

भिया, मीपण इंदूरचाच. बोर्डाचा कनेक्टर जामा (JAMMA) आहे, गेमचे बोर्ड मशीनला जोडायचं 1985 पासूनचं स्टँडर्ड, एका बाजूला 28 दुसऱ्या बाजूला 28 असे 56 कॉन्टॅक्ट. त्यात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं येतात. स्ट्रीट फायटर 2 आला 1991 ला, त्याला सहा लागायची, म्हणून किकची तीन बटणं कॅपकॉमने बोर्डावर वेगळ्या प्लगने दिली. तुमच्या लोंबकळणाऱ्या वायरी त्याच आहेत, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये आधी स्ट्रीट फायटर चालायचा. कापू नका, मशीनचा इतिहास आहे तो.

बोर्ड खरा असेल तर एकावर एक थर असतात आणि एक बॅटरी असते, ती संपली की डिक्रिप्शनची की, म्हणजे कोड उलगडायची किल्ली, जाते. तुमचा एकच सपाट बोर्ड असेल, बॅटरी नसेल तर डुप्लिकेट. पण मी म्हणतो तोच ठेवा. काकांच्या पार्लरमध्ये मुस्तफा याच बोर्डावर चालायचा ना, मग तुमच्या मशीनसाठी ओरिजिनल तोच. खरा बोर्ड तीन खेळाडूंचा, तुमचं पॅनेल दोघांचं, तो आणून पॅनेल फाडणार का? फक्त चिपवरच्या काचेच्या खिडक्यांचे स्टिकर निघाले असतील तर नवीन लावा, उजेडातल्या अल्ट्राव्हायोलेटने आतला प्रोग्राम हळूहळू पुसला जातो.

प्लायवाली

दादा, सनमायका ओढून काढू नका, खालचा पेंट सोबत येईल. हीटगन कमी तापमानावर, कोपऱ्यापासून सुरुवात, आणि पातळ पट्टी आडवी धरून आत सरकवत जायचं, जुना गोंद मऊ झाला की सनमायका आपणहून उचलली जाते. उरलेला गोंद थिनरने पुसायला जाल तर ऑइलपेंटपण निघेल, म्हणून तो कोमट करून बोटाने गोळी करत काढा, वेळ लागतो पण चित्र वाचतं. जेवढं उघडेल तेवढ्याचा रोज समोरून सरळ फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि ट्रेसिंग पेपरवर अक्षरं उतरवून घ्या. जिथे पेंट गेलाच आहे तिथे त्या ट्रेसिंगवरून स्टेन्सिल कापता येईल.

फुगलेला भाग परत बसत नाही. आधी त्याचा कार्डबोर्डवर साचा काढा, मग सरळ रेषेत कापून तेवढ्याच जाडीच्या मरीन प्लायचा तुकडा आतून पट्टी देऊन जोडा. आणि खाली रबरी पाय लावा, नाहीतर फरशी पुसताना परत पाणी पिईल.

रामबागकर

टीव्हीवाले काका, चित्र उघडलं!! योकच्या प्लगची एक पिन अगदी तुम्ही सांगितलं तशीच, भोवती बारीक गोल भेग, भिंगाशिवाय दिसलीच नसती. डिस्चार्ज करताना टक्क झालं तेव्हा घरातले सगळे दाराबाहेर उभे होते. सोल्डर भरलं, 105 वाले कपॅसिटर टाकले, चित्र आधी फिरत होतं, व्ही-होल्डने थांबलं. वरच्या कडेला थोडं दुमडल्यासारखं होतं ते हाइटने जवळजवळ गेलं. जाड वायरी टाकल्यावर बोर्डाशी 4.98 येतायत आणि रिसेट बंद. बोर्ड सपाटच आहे, बॅटरी नाही, तोच ठेवतोय, किकच्या वायरीपण गुंडाळून आत बांधून ठेवल्या.

जॉयस्टिकमध्ये पत्रीचे स्विच निघाले, मायक्रोस्विच नाहीत. पॉलिश पेपर नाही लावला, जाड कागदाची पट्टी पत्र्यांच्या मध्ये धरून ओढली, काळं निघालं आणि चारही दिशा चालायला लागल्या. ताई, सनमायकाखाली पूर्ण नाव निघतंय पिवळ्यात, अजून अर्धी बाजू बाकी आहे, हळूहळू करतोय.

आता एकच अडकलंय. कॉइनची खाच 1992 नंतरच्या स्टीलच्या एक रुपयाची आहे, 25 मिलिमीटरच्या. 2011 पासूनचं नाणं 22 च्या आसपास, ते सरळ खाली निघून जातं, स्विच दाबलाच जात नाही. खाच बदलायची नाहीये. घरात डबे शोधून थोडी जुनी नाणी मिळालीत, पण स्विचवरची ती केसासारखी बारीक तार वाकून अर्धी तुटलीये. तशी तार किंवा तो पूर्ण स्विच इंदूर, देवास, उज्जैनकडे कुणाकडे जुन्या मशीनमध्ये पडला असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन. आणि नसेलच तर कुठल्या जाडीची तार घेऊन वाकवावी, हे कुणी केलंय का?