‘हिमनदीचा प्रवाह’ की ‘ओढ्याचा विसर्ग’?

प्रश्न : माझी भाची हिमाचलात छोटा शिगरी हिमनदीवर वितळलेलं पाणी मोजायला गेली होती. तिच्या टिपणांवरून सोलापुरातल्या आमच्या शाळेच्या मुलांसाठी मराठीत लिहितेय. ‘हिमनदीचा प्रवाह मोजला’ असं वाचलं तर एका मुलीने विचारलं, “बाई, बर्फ वाहतो का पाणी?” खरंच, दोन्ही वाहतात! बर्फाचा वेग वर्षाला किती मीटर असा सांगतात, पाण्याचा सेकंदाला. मग ‘विसर्ग’ लिहू का? पण विसर्ग म्हणजे सोडणं. धरणाचे दरवाजे उघडतात तिथे ठीक. हिमनदीतून पाणी सोडतं कोण?

उत्तर : ताई, ‘विसर्ग’च लिहा. पावसाळ्यात आपण रोज वाचतो, ‘दौंडहून उजनीत इतके क्युसेक विसर्ग’. दौंडला कुठे दरवाजे आहेत? तिथे भीमेच्या पात्रातलं पाणी मोजतात, बस्स.

उत्तर : दौंडचं पाणी पुण्याकडच्या धरणांतून सोडलेलंच की हो.

उत्तर : सगळं नाही, मोकळ्या रानातल्या पावसाचंही त्यात येतं. एका जागेवरून सेकंदाला किती पाणी गेलं, एवढाच अर्थ आता लोकांच्या मनात आहे. फक्त ‘ओढ’ आणि ‘विसर्ग’ एक समजू नका. पाण्याला ओढ आहे म्हणजे वेग आहे. पात्राचा छेद, म्हणजे पात्र आडवं कापलं तर दिसणाऱ्या पाण्याचं क्षेत्रफळ, आणि पाण्याचा वेग यांच्या गुणाकाराने विसर्ग निघतो.

प्रश्नकर्ती : पण तिथे छेद मोजताच येत नाही म्हणे! दगडधोंड्यांत पाणी इतकं उसळतं की वेग मोजायचं यंत्रही धरता येत नाही. म्हणून वजन करून घेतलेलं मीठ बादलीत विरघळवून एकदम ओढ्यात ओततात आणि खाली, मीठ नीट मिसळेल इतक्या अंतरावर, पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज जाते ते, बघत बसतात; मिठाने ती वाढते. आकडा चढतो, मग उतरतो. पहाटे तो भरभर वर गेला; ऊन खाऊन ओढा फुगल्यावर दुपारी तेवढंच मीठ ओतलं, तर जेमतेम हलला. जास्त पाण्यात मीठ पातळ झालं ना! त्यावरूनच विसर्ग काढतात. याला काय म्हणू?

उत्तर : पुस्तकी नाव ‘विरलन पद्धत’. मुलांसाठी ‘मिठाची पद्धत’ लिहा, लगेच कळेल. आणि एकक जपा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. भाचीचे आकडे घनमीटरमध्ये असतील, तर एका घनमीटरचे सुमारे 35 घनफूट होतात.

प्रश्नकर्ती : घनमीटरच आहेत, बरं झालं सांगितलंत. आता असं लिहिते : ‘हिमनदी सरकते. तिच्या मुखातून निघालेला ओढा वाहतो. त्या ओढ्याचा विसर्ग मिठाने मोजला.’