मदत हवी आहे: गावात मला काय म्हणावं, हे सांगायचं कसं?

सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून नुकतीच रुजू झालेय. कागदावर आता 'ग्राम महसूल अधिकारी', पण गावाच्या तोंडी तलाठीच. वय २६.

आधीच्या तलाठ्यांना अख्खं गाव भाऊसाहेब म्हणायचं. तहसीलदार म्हणजे रावसाहेब. माझ्या वाट्याला मॅडम, ताई, आणि पारावरच्या आजोबांकडून "ए पोरी, उतारा झाला का?" आजोबांचं काही वाटत नाही, आमच्या घरीही असंच बोलतात. खटकतं ते दुसरंच. सातबारा घेताना मी मॅडम असते. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस काढलीय, हरकतीसाठी १५ दिवस थांबावंच लागेल, असं सांगितलं की तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो, "अहो ताई, बहिणीसारख्या तुम्ही, भावाचं एवढं काम..." ताई म्हणू नका म्हटलं तर मी शिष्ट ठरते.

दुसरं, आमचे कोतवाल, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचे गावपातळीवरचे कर्मचारी, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणते. सहकारी म्हणतात, काका म्हणशील तर काम सांगता येणार नाही. खरंय का?

आणि १५ ऑगस्टच्या पत्रिकेत माझ्या नावामागे 'सौ.' छापलं. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर 'कु.' केलं. बाकी सगळे नुसते 'श्री.', त्यांची लग्नं कुणी विचारली नाहीत. काय सांगू?

जुना सर्कल (मंडळ अधिकारी): भाऊसाहेब म्हणूनही गळ घालतातच हो, "भाऊसाहेब, घरचंच समजा." मी तीस वर्षं ऐकलंय. "दादा, ताई म्हणा, पण नोटीस १५ दिवसांचीच," असं हसून म्हणायचं आणि पुढच्या माणसाला हाक मारायची. चारचौघांत एकदा झालं की गावभर होतं. कोतवालांना मी मामा म्हणायचो. नोटीस बजावायला ते कधी मागे राहिले नाहीत. एकेरीत हाक मारणाऱ्या साहेबांची मात्र नोटीस बजावायला गेले की घरी कुणी सापडायचंच नाही!

आरोग्यसेविका: पत्रिकेत 'श्रीमती' सुचवणार असाल तर जपून. कार्यालयात ते सगळ्या बायकांना चालतं, गावात अजून विधवेलाच लावतात. माझ्या नावामागे छापलं तेव्हा एका आजींनी दवाखान्यात येऊन हळूच विचारलं, "मालक कधी गेले गं?" मालक बाहेर गाडी लावत होते. नावामागे काही लावूच नका म्हणावं. नाव, आडनाव, खाली पद. ग्रामपंचायतीला मजकूर तुम्हीच लिहून द्या, तोंडी सांगितलं तर छापखान्यात परत 'सौ.' होतं.

धागाकर्ती: आभार दोघांचे. मजकूर लिहून दिला. कोतवालांना सरळ विचारलं, तुम्हाला काय म्हणू? म्हणाले, "काकाच म्हणा. फक्त रावसाहेब आल्यावर नको, ते मला नावानं हाक मारतात, त्यांना अवघडल्यागत होईल."