नवख्याला छोटंच हत्यार? आधी हात तर बघा की

टिळकवाडीकर: भावजींच्या पश्चात हत्याराचा परवाना भाच्याच्या नावावर झाला. माझं स्पष्ट मत, नवख्याला लहान आणि हलकंच हवं. कानपूरचं .३२ बोअरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर, ५०० ग्रॅम. बंदुकीच्या मिस्त्रीकडून चाप हलका करून घ्यायचा, नेम दाखवणारा लेझर लावायचा, झालं!

रेंजवाला: हे ‘झालं’ वाचून राहवलं नाही. गोळी तीच आणि हत्यार हलकं, म्हणजे धक्का सगळा मनगटात. नळी आखूड, म्हणून नेम धरायचा पुढचा उंचवटा, म्हणजे माशी, आणि मागची खाच जवळजवळ. दोन्हींत १०० मिमी अंतर असेल तर माशी १ मिमी हलली की १० मीटरवर गोळी १०० मिमी सरकते. अंतर २०० केलं तर ५०. मला पहिल्याच दिवशी कुणीतरी असलंच छोटं .३२ हातात दिलं होतं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची खोड लागली. ती मोडायला एअर पिस्तुलावर वर्ष घालवलं. ४.५ मिमीची गोळी, जोर २० ज्यूलच्या आत, परवानाही लागत नाही. भाच्याला तिथून सुरू करू दे.

टिळकवाडीकर: त्याला ऑलिंपिकला धाडायचं नाही हो. रात्री शेतघरावर एकटा असतो. चोराला काय टार्गेटचा कागद दाखवू?

भातवाला खानापूर: हत्यार घरात राहिलं तर ना! २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा, दोन्हीला माझी बारा बोअरची बंदूक पोलिसांत जमा. परत आली तेव्हा नळीतनं कापूस फिरवला, गेरूसारखा लाल. डुकरांना कुठली आलीय आचारसंहिता? उसाच्या कडेच्या सऱ्या लोळवून गेली, मी पत्र्याचा डबा बडवत बसलो.

निपाणीचा: आणि आपल्याच कर्नाटकात कोडगूतल्या कोडव समाजाला परवानाच नको! हायकोर्टानं २०२१ ला सूट कायम केली.

रेंजवाला: कोडवांची सूट ब्रिटिशांच्या काळापासूनची आहे. चापाचं काय ते बोला.

निपाणीचा: तुम्हाला काय, तुम्ही कोल्हापुरात. इथं परवान्याचा अर्ज कन्नडात, सही कुठं करायची ते शिपायाला विचारायचं. तिघांकडनं तीनदा भरून घेतला, तिन्ही वेळा परत.

भातवाला खानापूर: माझा चारदा.

टिळकवाडीकर: धागा माझा आहे. सीमाप्रश्न इथं कशाला सोडवालाय?

रेंजवाला: एकदाचं ऐका. ओळखीच्या एकानं रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग कापून चाप लोण्यासारखा केला. गोळीवर आपटणारा घोडा पडायचा, पण जोर नाही. सहातल्या दोन गोळ्या नुसत्या टक्. अडचणीच्या वेळी असलं ‘टक्’ भाच्याला चालेल? बदलायचीच तर मूठ बदला. अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात हत्याराची पाठ बसली पाहिजे, तर्जनी न ताणता चापावर पोचली पाहिजे. माशीवर पांढरा ठिपका द्या. बाकी पैसे गोळ्यांना आणि रेंजला. लेझर लावलात तर पोरगं माशी सोडून थरथरणाऱ्या ठिपक्यामागं धावणार.

टिळकवाडीकर: बरं, गुरुजी. चापाचं मागं घेतो. फक्त चापाचं. काल त्याच्या हातात तुमच्यासारख्याच एका शहाण्याचं मोठं पिस्तूल दिलं, तर बोट चापापर्यंत अर्धंच पोचलं. आता बोला.

रेंजवाला: मग ते त्याच्यासाठी मोठंच आहे, मान्य. पण म्हणून ५०० ग्रॅमवर उडी? हाताचं माप पाठवा, अंगठ्याच्या बुडापासून तर्जनीच्या टोकापर्यंत.

भातवाला खानापूर: मापं राहू देत. ग्रामपंचायतीला पण जमा करायचं असतंय काय, एवढं सांगा कुणीतरी.